दशावतारी गेम: तयार कॅरेक्टर फ्रेमवर्क विकत घ्यायचं की पात्रं घरी घडवायची?

खेळिया_कुडाळ
रविवार, रात्री ११:१५

नमस्कार मंडळी. दोन वर्षं वाचनमात्र होतो, आता पैशाचा प्रश्न आला तेव्हा तोंड उघडतोय.

आम्ही तिघे कुडाळात बसून एक गेम करतोय. मी कोड लिहितो, मावसभाऊ अर्धा कोड आणि सगळा आवाज बघतो, एक मैत्रीण चित्रं काढते. गेम दशावतारी मंडळाचा आहे. तुळशीचं लग्न झालं की जत्रा सुरू होतात, मंडळ टेम्पोत पेटारे घालून गावोगाव निघतं, आणि खेळणारा म्हणजे मंडळाचा मालक. दिवसा हिशोब, रुसवेफुगवे, कोणाचा घसा बसला, कोण दुसऱ्या मंडळात गेला. रात्री आधी आडदशावतार, म्हणजे ठरलेल्या प्रवेशांचा पूर्वरंग, मग आख्यान, म्हणजे मुख्य कथा. आख्यानाला लिहिलेली संहिता नसते, पात्रं उभ्या उभ्या बोलतात, त्यामुळे कोणी कोणाला काय उत्तर द्यायचं ते खेळणाऱ्याने जागच्या जागी ठरवायचं. गेमचा सगळा जीव त्यात आहे.

युनिटी या गेम इंजिनात करतोय. आधी कंप्युटरसाठी, जमलं तर फोनवर.

पात्रं बावीस. गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, ब्रह्मदेव, संकासूर, विष्णू ही आडदशावतारातली. मग राजा, राणी, राक्षस, नारद, ऋषी. शिवाय पेटीवाला, मृदंगवाला, झांजवाला आणि प्रेक्षकांत बसलेले गावकरी.

तिघांची मिळून पुंजी साडेतीन लाख, त्यात पहिला गेम बाहेर काढायचाय. युनिटीच्या असेट स्टोअरवर, म्हणजे गेमच्या तयार सामानाच्या दुकानात, एक फ्रेमवर्क बघून ठेवलंय, १५० डॉलरचं. हाडांचा सांगाडा, चालणं-पळणं-चढणं सांभाळणारा कंट्रोलर, कपडे-केस बदलायची सोय, सगळं एकात. दुसरी वाट म्हणजे डॅझ किंवा मेटाह्युमनकडून तयार थ्रीडी माणसं घ्यायची. नाहीतर ब्लेंडर हे थ्रीडीचं सॉफ्टवेअर उघडून सगळं स्वतः. भाऊ म्हणतो १५० डॉलर वाचवायला सहा महिने घालवणारा माणूस वेडा. मैत्रीण म्हणते, घेतलंस तरी सहा महिने जाणारच आहेत.

कोणाचं खरं मानायचं?


माडाखालचा_कोडर
सोमवार, सकाळी ८:४०

भावाला सांगा, १५० नव्हे, ४५०.

असेट स्टोअरवर मॉडेल, टेक्स्चर, आवाज असल्या वस्तू तुमच्या संस्थेने एकदा घेतल्या की झालं. पण स्क्रिप्ट आणि एडिटरची अवजारं 'एक्स्टेन्शन असेट' या सदरात मोडतात, आणि त्यांना माणशी एक सीट, म्हणजे वापरायचा परवाना, लागते. कंट्रोलर असलेलं फ्रेमवर्क बहुतेक वेळा त्याच सदरात असतं. किमतीच्या खाली लायसन्सचा प्रकार लिहिलेला असतो, तिथे बोट ठेवून वाचा. तिघे जण तोच प्रोजेक्ट उघडून ते अवजार वापरणार असाल तर तीन सीट. उद्या चौथा आला तर चौथी.

आणखी एक, जे मी स्वतः भोगलंय. कोणतं फ्रेमवर्क ते सांगत नाही, कारण बनवणारा एकटा माणूस होता आणि त्याची अडचण काय होती देव जाणे. आम्ही मालवणात एक छोटा होड्यांचा गेम करत होतो. फ्रेमवर्क घेतलं, सात महिने त्यावर काम केलं, मग इंजिनाची आवृत्ती वाढवावी लागली, आणि नव्या आवृत्तीत त्याचा कंट्रोलर उभाच राहीना. त्याला मेल केली, उत्तर नाही. फोरमवर आमच्यासारखेच आणखी तिसेक जण रडत बसलेले. सोर्स कोड होता, म्हणून उघडून बघितला. त्याने प्रत्येक गोष्ट प्रत्येक गोष्टीला बांधलेली. पोहणं काढलं की चालणं बिघडायचं. शेवटी ते सगळं उपटून स्वतःचा साधा कंट्रोलर अकरा दिवसांत लिहिला. अकरा दिवस. सात महिन्यांपूर्वी लिहिला असता तर?

घेऊ नका असं म्हणत नाही. घेताना शेवटचा बदल कधी झालाय आणि वाईट अभिप्रायांना लेखक उत्तर देतो का, एवढं बघा. चांगले अभिप्राय वाचण्यात अर्थ नसतो.

आणि ते विकत घेतलेलं काही सार्वजनिक रेपोत, म्हणजे कोड ठेवायच्या उघड्या जागेत, ढकलू नका. गेममध्ये घालून विकायची परवानगी असते, कच्च्या फायली वाटायची नसते.


देवगडी_कलम
सोमवार, सकाळी १०:०५

मला गेममधलं शून्य कळतं, मुलगा खेळतो म्हणून धागा उघडला. पण हे वाचून आमचाच धंदा आठवला. कलम विकत घेऊन आपल्या जमिनीत लावलं तर झाड आपलं, आंबा आपला. दुसऱ्याची बाग करारावर घेतली तर आंबा आपला, झाड त्याचं. फवारणी मात्र आपण करायची. तुमचं लायसन्स म्हणजे दुसरा प्रकार दिसतोय. मग करार किती वर्षांचा आणि फवारणी कोणाची, एवढं विचारा.

चालू द्या.


खेळिया_कुडाळ
सोमवार, दुपारी १:३०

@देवगडी_कलम काका, असेट स्टोअरवरचं एकदा घेतलं की मुदत नसते. पण फवारणी आपलीच, हे कोडरदादांनी सांगितलंच.

सीटचं माझ्या डोक्यातच नव्हतं. ४५० डॉलर म्हणजे हिशोबाला ९० रुपये धरले तरी ४०,५०० झाले. भाऊ गप्प आहे.


रत्नांग्री_रिगर
सोमवार, रात्री ९:५०

मी रिगिंग करते, म्हणजे थ्रीडी पात्रांना हलवण्यासाठी हाडं बसवते, सहा वर्षं झाली, बहुतेक काम बाहेरच्या स्टुडिओंचं. धागा बघून हात शिवशिवले. मोठं लिहिणार आहे, चहा घेऊन बसा.

फ्रेमवर्क माणूस देतं, नेसण देत नाही.

तुम्ही पॅकचे फोटो बघा. जीन्स, जॅकेट, चिलखत, झगा, बूट. सगळं अंगाला घट्ट बसणारं, म्हणजे हाड हललं की कापड त्याच्यासोबत हलतं. म्हणूनच ते बदलता येतं, एका शरीरावरचा शर्ट दुसऱ्यावर चढवता येतो. आता राणीची नऊवारी घ्या. कासोटा मागे खोचलेला, निऱ्या पुढे, पदर खांद्यावरून कमरेला. ती चालते तेव्हा निऱ्या दोन पायांच्या मध्ये उलगडतात. वजनांकन, म्हणजे कापडाचा कोणता भाग कोणत्या हाडासोबत हलेल ते, सरळ मांडीच्या हाडावर दिलंत तर निऱ्यांची विजार होते. रबराची. मी हे एका मोठ्या प्रोजेक्टमध्ये झालेलं बघितलंय, कोणाला कळलंच नाही तिकडे, मला मात्र रात्री झोप लागली नाही.

यासाठी जादा हाडं लागतात, निऱ्यांना निदान चार-पाच, पदराला तीन. युनिटीच्या ह्युमनॉइड मांडणीत किमान १५ हाडं ओळखून एका पात्राची हालचाल दुसऱ्यावर चढवता येते, तीच तर फ्रेमवर्कची मुख्य सोय. पण ही जादा हाडं त्या मांडणीत बसत नाहीत. ती तुमची तुम्ही हलवायची, ॲनिमेशनने नाहीतर कापडाच्या सिम्युलेशनने. म्हणजे ज्यासाठी पैसे मोजले ती सोय नेमकी तुमच्या पात्रांपाशी येऊन थांबते. तीच गत धोतराची, शेल्याची, राजाच्या झग्याची. आणि मुकुट! मुकुट डोक्याच्या हाडाला चिकटवला की झालं असं वाटतं, मग राक्षस मान झटकतो आणि मुकुट खांद्यात घुसतो.

आता तुमच्या फायद्याची गोष्ट. स्त्रीपात्रंही पुरुषच करतात ना? मग रंगमंचावर बाईचं शरीर लागतच नाही! एक पुरुषी शरीर, जाडी-उंची तीन प्रकारची, त्यावर नेसण. पुरुषाच्या खांद्यांवर नऊवारी कशी बसते, पदर कुठे ओढून घ्यावा लागतो, हे कोणतंच फ्रेमवर्क विकत नाही, आणि तुमच्या गेमची ओळख तिथेच आहे. प्रेक्षकांतल्या बाया लांब, अंधारात, बसलेल्या. त्यांना साधी मॉडेलं चालतील.

डॅझबद्दल. तिथून काढलेली चित्रं गेममध्ये घातली तर साध्या लायसन्सवर भागतं. पण थ्रीडी मॉडेलच गेममध्ये घालायचं तर 'इंटरॅक्टिव्ह लायसन्स' लागतं, आणि ते वस्तूवार असतं. चेहरा वेगळा, केस वेगळे, कपडे वेगळे, दागिने वेगळे. फुकट मिळालेलं बेस शरीर बघून भुलू नका, त्यावर चढवलेल्या प्रत्येक चिंधीचा हिशोब ठेवावा लागतो. बावीस पात्रांना तुम्ही वेडे व्हाल.


चाकरमानी_परळ
सोमवार, रात्री ११:२०

रिगरताईंना साष्टांग.

मी मुंबईत मोबाइल गेमच्या कंपनीत आहे, गाव वेंगुर्ल्याजवळ. मेटाह्युमनबद्दल थोडं. आधी ती माणसं फक्त अनरियल या दुसऱ्या इंजिनातच वापरता यायची. जून २०२५ मध्ये ती बनवणाऱ्या एपिकने अट सैल केली, आता युनिटी, गोडो अशा कोणत्याही इंजिनात चालतात, आणि वर्षाला १० लाख डॉलरच्या आत कमाई असेल तर पैसेही नाहीत. म्हणजे तुमच्यासाठी फुकट.

पण फुकट हत्ती मिळाला तरी चारा आपलाच. ती माणसं सिनेमाच्या प्रतीची आहेत. केसांचा एकेक धागा, डोळ्यातली ओल. दहा-बारा हजारांच्या फोनवर अशी बावीस सोडाच, चार उभी राहिली तरी फोन तव्यासारखा तापेल. आणि दशावतारात चेहऱ्यावर रंगाचा इतका थर असतो की कातडीची छिद्रं कोणाला दिसणारेत?

इंजिनाचं भाडंही हिशोबात धरा, लोक विसरतात. युनिटी पर्सनल २ लाख डॉलर कमाईपर्यंत फुकट. सप्टेंबर २०२३ मध्ये त्यांनी प्रत्येक इन्स्टॉलमागे पैसे घ्यायची घोषणा केली होती, गदारोळ झाला, सप्टेंबर २०२४ मध्ये पूर्ण मागे घेतली. अनरियलला एका गेमची एकूण कमाई १० लाख डॉलरच्या वर गेली की वरच्या रकमेवर ५ टक्के. गोडो एमआयटी या मुक्त लायसन्सवर, कधीच काही नाही. तुम्हाला आज यातल्या कशानेच फरक पडत नाही. मात्र युनिटीचं फ्रेमवर्क घेतलंत की तुम्ही युनिटीला बांधले गेलात, कारण कंट्रोलरचा कोड दुसरीकडे जात नाही. मॉडेल आणि सांगाडा जातो. एकाच पाकिटात दोन्ही मिळतं म्हणून हा फरक दिसत नाही.


भावी_अब्जाधीश
मंगळवार, सकाळी ९:००

एवढी चर्चा? एआयला सांगा, पाच मिनिटांत बावीस पात्रं. फुकट. 😎


रत्नांग्री_रिगर
मंगळवार, सकाळी ९:२५

@भावी_अब्जाधीश केलं होतं. संकासुराला टक्सिडो घातला त्याने. पात्राच्या पृष्ठभागाची जाळी अशी की कोपरात सहाशे त्रिकोण आणि बोटं एकमेकांना चिकटलेली, ती सोडवायला नवीन बनवण्यापेक्षा जास्त वेळ जातो. शिवाय स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानावर २०२४ पासून एआय कुठे वापरलं ते जाहीर करावं लागतं. करा की, नाही कोण म्हणतंय.


माडाखालचा_कोडर
मंगळवार, सकाळी ११:१०

मूळ धागाकर्त्याला एक प्रश्न विचारायचा राहिला, खरं तर तोच पहिला विचारायला हवा होता. तुमच्या गेममध्ये पात्रं करतात काय? क्रियापदं लिहा. पात्र पोहतं? भिंत चढतं? बंदूक चालवतं? घोड्यावर बसतं?


खेळिया_कुडाळ
मंगळवार, दुपारी २:४५

प्रवेश घेतं. चालतं. नाचतं. बसतं, उठतं. गदा आणि तलवार फिरवतं, पण ती ठरलेली लढाई, पेटी-मृदंगाच्या तालावर. मरतं. बोलतं, सगळ्यात जास्त बोलतंच. रंगमंचाबाहेर टेम्पोत चढतं, तेही आम्ही काळोख करून उडवणार होतो.


माडाखालचा_कोडर
मंगळवार, दुपारी ३:००

झालं मग. त्या १५० डॉलरमधले बहुतेक पैसे पोहणं, चढणं, आडोसा घेणं आणि नेमबाजीचे आहेत. तुमचं रंगमंच वीस फुटांचं. युनिटीत जो साधा कॅरेक्टर कंट्रोलर आधीच आहे त्यावर चालणं-वळणं चार दिवसांत होईल, कॅमेऱ्याला सिनेमशीन फुकट आहे. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, आणि तो मसालाही भलत्याच रश्श्याचा.

घोड्यावर बसतं म्हणाला असतात तर मीच घ्या म्हटलं असतं. घोडा स्वतः करायला जाऊ नये, माणूस म्हातारा होतो.


हिशोबनीस_चिपळूण
मंगळवार, रात्री ८:३०

धाग्यात सगळे किमती डॉलरमध्ये बोलतायत म्हणून आमच्या खात्याची भर घालतो. सीए आहे, दोन-तीन ॲनिमेशनवाले अशील आहेत.

४५० डॉलर म्हणजे ४०,५०० नव्हेत. क्रेडिट कार्डावर परकीय चलनाचा आकार बऱ्याच बँका साडेतीन टक्क्यांच्या आसपास लावतात, म्हणजे सुमारे १,४१८, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, २५५. मूळ खरेदीवर १८ टक्के जीएसटी, ७,२९०. बेरीज ४९,४६३. तुमची जीएसटी नोंदणी नसेल तर विकणारी परदेशी कंपनीच तो कर बिलात लावते आणि तो खर्चच. नोंदणी असेल तर रिव्हर्स चार्जखाली तुम्ही स्वतः भरायचा, तोही रोखीने, आधी भरलेल्या कराच्या क्रेडिटमधून चालत नाही, आणि मग त्याचं क्रेडिट घ्यायचं. गेमची कमाई परदेशातून येणार असेल तर एलयूटी, म्हणजे कर न भरता निर्यात करायचं हमीपत्र, भरून ठेवा, निर्यात शून्य कराची होते आणि अडकलेलं क्रेडिट परत मागता येतं. तुमचा आधीचा अंदाज आणि प्रत्यक्ष यात नऊ हजारांचा फरक पडला, बघा.

परदेशी सॉफ्टवेअरच्या पैशावर टीडीएस कापायचा का, हा प्रश्न पूर्वी छळायचा. २ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने इंजिनिअरिंग ॲनालिसिस प्रकरणात सांगितलं की तयार सॉफ्टवेअर फक्त वापरण्यापुरतं घेतलं तर ते पैसे रॉयल्टी नव्हेत. अवजारांना हे सरळ लागू पडतं. पण मॉडेल तुम्ही आपल्या गेममध्ये घालून पुढे विकता, तिथे करारातली वाक्यं वाचूनच बोलावं लागतं. बिल आणि लायसन्सची प्रत खरेदीच्या दिवशीच पीडीएफ करून ठेवा. संकेतस्थळावरच्या अटी बदलतात, तुमच्या त्या दिवशीच्या अटी तुमच्याजवळ असलेल्या बऱ्या.

आणि आता खरं भय. मंडळी म्हणतायत विकत घेऊ नका, म्हणजे तुम्ही इथल्या कलाकाराकडून करून घ्याल. उत्तम. पण काम तोंडी देऊ नका. पैसे दिले म्हणजे हक्क आपला, असं आपल्या कायद्यात नाही. नोकरीत नसलेल्या कलाकाराने केलेल्या कामाचा पहिला मालक, काही अपवाद सोडले तर, तो कलाकार. हक्क लेखी हस्तांतरित करून घ्यावे लागतात. त्या कागदात मुदत लिहिली नसेल तर प्रताधिकार कायदा १९५७ चं कलम १९ म्हणतं, मुदत ५ वर्षं. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणजे तुमचा गेम स्टीमवर जगभर विकला जातोय आणि राणीच्या नऊवारीचा हक्क तुमच्याकडे भारतापुरताच! त्याच कलमात आणखी एक पाचर आहे. घेतलेला हक्क वर्षभरात वापरला नाही आणि करारात वेगळं काही नसेल, तर तो आपोआप संपतो. तुमचा गेम वर्षात होणार आहे का? नाही ना. मग तेही लिहून घ्या.

परक्या फ्रेमवर्कच्या चाळीस पानी लायसन्सला घाबरणारे लोक इथल्या कलाकाराशी व्हॉट्सॲपवर 'ओके दादा 👍' एवढ्यावर काम करतात.


नवशिकी_राजापूर
मंगळवार, रात्री ९:१५

वाचतेय. बाळबोध शंका: मेकह्युमन म्हणून एक फुकट सॉफ्टवेअर आहे ना? त्याचं शरीर विकायच्या गेममध्ये चालतं का? आणि मिक्सॅमोचं?


चाकरमानी_परळ
मंगळवार, रात्री ९:४०

@नवशिकी_राजापूर चालतं. मेकह्युमनमधून बाहेर काढलेलं शरीर सीसी झिरो, म्हणजे मालकीची अटच नाही. फक्त लोकांनी चढवलेले केस-कपडे घेतलेत तर त्यांचं लायसन्स वेगळं असू शकतं, कधी नाव द्यावं लागतं. मिक्सॅमो ॲडोबीचं आहे, २०१५ मध्ये घेतलं त्यांनी. हाडं बसवून देतं, तयार हालचाली देतं, गेममध्ये वापरायला पैसे नाहीत, कच्च्या फायली मात्र वाटायच्या नाहीत. त्याच घरातलं फ्यूज नावाचं पात्र बनवायचं सॉफ्टवेअर २०२० मध्ये बंद केलं. म्हणून जे मिळेल ते उतरवून आपल्या डिस्कवर ठेवायचं, 'नंतर बघू' करायचं नाही.


बाहुली_आणि_दोरी
बुधवार, सकाळी ७:५०

कोणी टूडीचं का बोलत नाही? पिंगुळी कुडाळला लागूनच. चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांची परंपरा तिथल्या ठाकर समाजाची, २०२१ ची पद्मश्री परशुराम गंगावणे यांना त्यासाठीच मिळाली. चित्रकथीसारखी कापून जोडलेली पात्रं केलीत तर थ्रीडीचा प्रश्नच मिटतो. स्पाइन नावाचं टूडी हाडांचं सॉफ्टवेअर एकदा घ्यायचं, साधी आवृत्ती ६९ डॉलर, चित्र वाकवायच्या जाळीसकट हवी तर ३७९.


खेळिया_कुडाळ
बुधवार, सकाळी ८:३०

@बाहुली_आणि_दोरी मैत्रिणीचं पहिलं म्हणणं हेच होतं, खरं सांगतो. पण चित्रकथी आणि दशावतार एकाच मातीतले असले तरी खेळ वेगळे. दशावतारात गिरकी आहे. राजा पूर्ण गोल फिरतो आणि झगा फुलतो, तो क्षण आम्हाला हवाय. दुसरं, चित्रकथीची शैली त्यांची आहे. आम्ही तिची नक्कल करून विकायची हे मनाला पटत नाही. दिवसा मंडळ गावात फिरतं तेव्हा मधला एखादा प्रसंग पिंगुळीच्या कलाकारांकडूनच करून घेऊ, पैसे आणि नाव देऊन. हिशोबनीस काकांच्या कागदासकट.


पेटी_तिसऱ्या_पट्टीची
बुधवार, रात्री १०:२०

भाच्यान धागो वाचून दाखवलो. माका कंप्युटरातला कायएक कळणा नाय. तीस वर्सा पेटी वाजवतंय, तेवढ्यावर बोलतंय.

झिला, तू भाच्याक जो व्हिडिओ धाडलंस तो बघलंय. संकासूर असो चलणा नाय. तो तुझो फौजदार चलता. हात असे हलवीत, बाजारात जाल्यासारखो. ता फुकटातला चलणा तुका खंय गावला रे? संकासूर इलो काय पोरा रडूक होयी आणि म्हाताऱ्यांका हसू येवक होया. तेची चाल मृदंगार असता. मृदंगवालो थाप देता तेवा पाय पडता. पाय पडता म्हणान थाप नाय. ह्या उलटा केलंस तर सगळा फसला.

तसोच राजा. राजा प्रवेश घेता तेवा पयलो पडद्यामागे थांबता. लोकांका कळता तो थय आसा. मगे येता. तुझ्या व्हिडिओत भसकन इलो.

सांगाडो इकत घे नायतर फुकट घे. चालणा इकत घेव नको.


रत्नांग्री_रिगर
बुधवार, रात्री १०:४५

आजोबा, तुम्ही एका परिच्छेदात जे सांगितलंत ते समजायला मला सहा वर्षं लागली असती. थापेवर पाय! म्हणजे ॲनिमेशन आधी करून त्यावर संगीत बसवायचं नाही, मृदंगाचा ट्रॅक आधी आणि पावलांच्या खुणा त्यावरून.

@खेळिया_कुडाळ मिक्सॅमोचं चालणं गावकऱ्यांना द्या. मुख्य पात्रांसाठी प्रत्यक्ष कलावंत समोर उभे करा, दोन बाजूंनी दोन फोन लावा, स्थिर, पायापासून मुकुटापर्यंत फ्रेममध्ये. त्यावरून मी हाताने की-फ्रेम, म्हणजे हालचालीतली एकेक मुख्य पोझ, करून देईन. व्हिडिओवरून आपोआप हालचाल काढणारी सॉफ्टवेअर आहेत, पण धोतर-झग्यात पाय झाकले की त्यांना गुडघा कुठे ते कळत नाही. लंगोट लावून तालीम करतील का हे विचारायचं धाडस तुम्ही करा, मी नाही करणार.


हिशोबनीस_चिपळूण
गुरुवार, सकाळी ९:०५

आणि त्या कलावंतांचाही कागद. कलम ३८ प्रमाणे सादरीकरण करणाऱ्याला स्वतःचा हक्क असतो, ५० वर्षांचा. त्यांना विचारल्याशिवाय चित्रीकरण नको, आणि ते गेममध्ये कसं वापरणार हे मराठीत लिहून, वाचून दाखवून, मग सही. त्यांचं नावही श्रेयनामावलीत हवं.


खेळिया_कुडाळ
शुक्रवार, रात्री १०:००

दोन दिवस तिघे बसलो, वीज अधूनमधून गेली त्यामुळे चर्चा जास्त आणि काम कमी झालं. काय ठरलं ते लिहितो, चुकत असेल तर अजून पैसे खिशात आहेत.

फ्रेमवर्क घेत नाही. ४९,४६३ वाचले असं भाऊ म्हणतो, मैत्रीण म्हणते वाचले नाहीत, जागा बदलली. तिचंच बरोबर.

मेकह्युमनचं एक पुरुषी शरीर, तीन अंगकाठ्या, शून्य रुपये. कंट्रोलर मी लिहितोय, काल रात्री राजा वीस फूट चालला, वळला आणि पडद्याच्या दांड्यात अडकला. नेसणाचे सहा संच करून घ्यायचे: नऊवारी, धोतर-शेला, राजाचा झगा, ऋषीचं वल्कल, संकासुराचा काळा पेहराव आणि वादकांचा साधा सदरा-लेंगा. गणपतीची सोंड, मुकुट आणि दागिने मैत्रीण करेल. कणकवलीच्या एका मुलाशी बोललो, संचाला १५,०००, म्हणजे ९०,०००. जादा हाडांचं रिगरताईंनी सांगितलेलं सगळं त्याला पाठवलं, तर तो म्हणाला हे माझ्या आजीला विचारतो, नऊवारी तीच नेसते.

चार कलावंत, दोन रात्री, रात्रीचे २,५०० प्रत्येकी, म्हणजे २०,०००. कागदपत्रांना ८,००० धरलेत. स्टीमची फी १०० डॉलर, ९,०००, ती १,००० डॉलरची विक्री झाली की परत मिळते, पण ती होईल तेव्हा. एकूण १,२७,०००. हाती राहतात २,२३,०००, त्यात रिगरताईंचे की-फ्रेमचे पैसे, वर्षभराचं वीजबिल, नेट आणि आमची पोटं.

ताई, तुमचा दर व्यक्तिगत निरोपात कळवा. 'ओके ताई 👍' वर काम होणार नाही, हिशोबनीस काका बघतायत.

तोंडाच्या हालचालींचं राहिलं. फेस रिगला आयफोनवाल्या पद्धतीने ५२ आकार करतात, आम्ही जबडा, भुवया, डोळे आणि ओठांचे चार आकार एवढ्यावर थांबतोय. रंगमंच लांबून दिसतं.


माडाखालचा_कोडर
शुक्रवार, रात्री १०:१५

पडद्याच्या दांड्याचा कोलायडर, म्हणजे पात्राला अडवणारा अदृश्य आकार, काढून टाका. कलावंत दांड्याला अडकत नाहीत, दांडाच त्यांना अडकतो.


पेटी_तिसऱ्या_पट्टीची
शुक्रवार, रात्री ११:३०

पैशे कलावंतांका देतलंस म्हणतंस, ता बरा केलंस. आमच्या मंडळातले चौघे तयार आसत. राजा करतलो तो इचारता, झगो नवो घालू काय जुनो? माका वाटता जुनो. नवो झगो फुलणा नाय, खळ असता.

अकरा वाजता खेळ उभो रवता. तू नवाक ये आणि रंगपटात बस. रंग लावताना बोलतत ता आयक, तुझ्या गेमात घालूक उपयोगी पडात. आणि ते दोन फोन चार्ज करून हाड, हय लायटीचो भरवसो नाय.